बिशपचं आमेन

माउंट टाबोर चर्चच्या मागे कबरस्तान, कबरस्तानाच्या मागे ओढा, आणि ओढ्याकाठच्या उंच सायकमोर झाडांवर बिशपचा रात्रीचा मुक्काम. बिशप म्हणजे रानटर्कीचा नर. छातीवरचा केसांचा झुपका जमिनीला टेकायला आलेला, मान ताठ, आणि चाल अशी की मागून कुणीतरी झग्याचा सोगा उचलून धरलाय असं वाटावं. ती चाल बघूनच चर्चमधल्या अल्टन बॉयकिनने त्याला बिशप म्हणायला सुरुवात केली आणि अलाबामाच्या त्या कोपऱ्यात सगळे त्याला त्याच नावाने ओळखू लागले.

चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन होसिया गॅडिसने मात्र त्याला इतरही नावं ठेवली होती. ती चर्चच्या आवारात उच्चारण्यासारखी नव्हती.

होसियाची अडचण अशी, की त्याच्या हातात बंदूक नव्हती. काही वर्षांपूर्वी त्याची बायको अर्लीन दवाखान्यात होती आणि डॉक्टर दर खेपेला मान हलवून जात होते. तेव्हा एका संध्याकाळी त्याने जिन्यात गुडघे टेकून नवस बोलला, "देवा, हिला घरी आण. मी पुन्हा बंदुकीला हात लावणार नाही." देवाने अर्लीनला घरी आणलं. सोफ्यावर टेकल्याटेकल्या तिने नवसाची हकीकत ऐकली आणि म्हणाली, "मिस्टर गॅडिस, नवसच बोलायचा होता तर तंबाखू सोडायचा बोलायचात. बंदुकीने निदान घरात मांस तरी येत होतं!"

पण नवस तो नवस. होसियाने बंदूक पुतण्याला देऊन टाकली आणि दोन्ही टोकांना चाकं असलेलं एक जुनं धनुष्य घेतलं. परसात गवताचा भारा बांधून त्याने नेम धरायला सुरुवात केली. हरणं मिळाली, ससे मिळाले. टर्की मात्र एकही नाही. बंदूकवाल्याला टर्की लांब दिसली तरी भागतं. धनुष्यवाल्यापाशी ती परसातल्या कोंबडीइतकी जवळ यावी लागते, आणि आल्यावर दोरी ओढताना हात हलतोच. देवाने टर्कीला नाक दिलं ते नावापुरतं. उरलेला सगळा माल त्याने डोळ्यांत भरला. झाडामागच्या माणसाने डोळ्याची पापणी लववली तरी ती ओढा ओलांडून पार होते.

एवढं असूनही जानेवारीतल्या बैठकीत होसिया उभा राहिला. पास्टर ऑगलट्रींना चर्चमध्ये येऊन मे महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्ष पूर्ण होणार होतं. वर्षपूर्तीच्या जेवणाचं वाटप चाललं होतं. कुणी कोलार्डची भाजी घेतली, कुणी रताळ्याची गोड पाई, कुणी मक्याचा ब्रेड. तेवढ्यात बॉयकिन म्हणाला, "आणि होसिया आणेल आपल्या धनुष्याच्या गोष्टी. त्याच काय त्या घरात भरपूर आहेत."

सगळे हसले आणि होसिया उठला. पवित्र आत्म्याने उठवलं असतं तर गोष्ट वेगळी. याला उठवलं ते बॉयकिनच्या टोमण्याने. वेदीकडे तोंड करून तो म्हणाला, "पास्टरांच्या ताटात रानटर्की पडेल. बाणाने मारलेली. माझ्या."

आता, बसून दिलेला शब्द माणूस एक वेळ विसरू शकतो. पण माउंट टाबोरमध्ये वेदीकडे तोंड करून, उभं राहून दिलेला शब्द म्हणजे देवाच्या कानात घातलेला शब्द. होसियाचे वडील याच चर्चचे डीकन होते. पूर आला तेव्हाही ठरल्या दिवशी ते छातीभर पाण्यातून चर्चचं छप्पर शाकारायला आले होते. त्यांचा मुलगा शब्द देऊन रिकाम्या हाताने येणार?

बॉयकिनने दुसऱ्याच दिवशी दुकानातून एक गोठवलेली टर्की आणून फ्रीझरमध्ये ठेवली. "असावी आपली," तो म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी चर्चच्या पायरीवर हात मिळवताना तो आस्थेने विचारायचा, "माझी टर्की मजेत आहे गड्या. तुझी कशी आहे?"

पास्टर टेरेल ऑगलट्री बर्मिंगहॅमहून आलेले, तिशीतले, उंच, हाडकुळे. माणूस सोन्यासारखा. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, कुणाच्या दारातलं झाड पडलं तर कुऱ्हाड घेऊन हजर. पण त्यांच्या आधीचे म्हातारे पास्टर प्रवचन गाऊन करायचे, आणि माउंट टाबोरच्या कानाला तीच सवय होती. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला हेल, मग हेलाला सूर, आणि शेवटी दर ओळीच्या टोकाला छातीतून निघणारा तो "हं!" तिथे ऑर्गनने सूर धरायचा, बायकांनी पंखे थांबवायचे आणि लोकांनी उत्तर द्यायचं. या उत्तर देणाऱ्यांत होसिया पहिला. पहिल्या बाकावर बसून गेली पन्नास वर्षं तो त्या-त्या पास्टरांच्या प्रत्येक ओळीखाली आपल्या "होय!"ची आच लावत आला होता. गायलेलं प्रवचन ऐकलं की त्याचा आठवडा नीट जायचा. नुसतं बोललेलं ऐकलं तर बुधवारपर्यंत गुडघे दुखायचे.

ऑगलट्री सुरुवातीला कागदावरून वाचायचे. लोक मान डोलवायचे, ती बहुतेक झोपेने. पण हिवाळ्यात त्यांनी कागद खाली ठेवायला सुरुवात केली. कधी एखादी ओळ हेल खायची, कधी सूर चाचपडत यायचा आणि लाजून परत जायचा. होसिया पुढे वाकून बसायचा. चालायला लागलेल्या नातवाकडे आजोबा बघतात तसा.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, ते साधलं. कोंबडा आरवायच्या आत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं ती कथा होती. खिडक्या उघड्या होत्या. पास्टरांनी डोळे मिटले.

"रात्र गार होती, हं!
शेकोटी पेटली होती, हं!
पेत्र हात शेकत होता, हं!
आणि मन गोठत होतं, हं!"

"होय!" होसिया म्हणाला. सिस्टर मोझेलने ऑर्गनवर सूर धरला.

"दासी म्हणाली, तू त्याचाच ना? हं!
पेत्र म्हणाला, मी नाही त्याचा! हं!
एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, हं!
तिसऱ्यांदा म्हणाला... आणि तेवढ्यात कोंबडा, हं!"

तो "हं!" त्यांनी असा वर नेला की छताच्या वाशांना कंप सुटला. आणि कबरस्तानापलीकडून उत्तर आलं,

"गलगलगलगलगल!"

मग खिडकीकडच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू वाळल्या गवतातल्या आगीसारखं बाकाबाकांवर पसरलं. होसिया हसला नाही. तो ताडकन उभा राहिला, खिडकीकडे बोट केलं आणि ओरडला, "ओढ्याच्या अलीकडे! अलीकडेच आहे!" मग तर बॉयकिन डोळे पुसत बाकाखाली गेला.

पास्टरांचा चेहरा उतरला. उरलेलं प्रवचन त्यांनी खाली मान घालून, सपाट आवाजात संपवलं. आणि ईस्टरला, साऱ्या वर्षातल्या मोठ्या रविवारी, त्यांच्या हातात कागद होता.

* * *

टर्कीचा हंगाम सुरू झालेला होता. होसिया पहाटे उठायचा, ओढ्याकाठी फांद्यांचा आडोसा करून बसायचा. समोर रबराची मादी मांडायची, लाकडी डबीच्या झाकणाने मादीचा आवाज काढायचा. बिशप ढिम्म. घुबडासारखं घुमून बघितलं, कारण पहाटे घुबड ओरडलं की नर चिडून उत्तर देतो आणि कुठे बसलाय ते कळतं. बिशपने चिडायचंही सोडून दिलं होतं. डब्या वाजवणारे, घुमणारे, गोळ्या घालणारे त्याने खूप बघितले होते. एके सकाळी तो मागून आला, होसियाच्या आडोशाला वळसा घालून रबराच्या मादीला नीट न्याहाळलं आणि आल्या वाटेने गेला.

"तुमच्यापेक्षा अक्कल आहे त्याला," अर्लीन बशीत मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स वाढत म्हणाली. "रबराच्या बाईसमोर तो नाचत नाही. तुम्ही मात्र तिला रोज गाडीत शेजारी बसवून नेता."

"अर्लीन, वेळ थोडा राहिलाय."

"मग तो ज्याला उत्तर देतो त्याला न्या ना सोबत."

होसियाचा चमचा बशीतच थांबला.

बायकोचं ऐकायची त्याला सवय होती, पण लगेच ऐकायची नव्हती. आधी तो बॉयकिनकडे गेला. बॉयकिन म्हणाला, "त्यात काय! प्रवचनाचं रेकॉर्डिंग आहे की. फोनवर लाव आणि झुडपात ठेव."

"यंत्राचा आवाज लावून टर्की मारायला कायद्याने बंदी आहे. आणि शिकारीचा वॉर्डन आपल्याच चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतो."

"मग तूच गा."

दुसऱ्या दिवशी पहाटे होसिया ओढ्यावर खरोखरच गायला. पेत्राची शेकोटी त्याने जमेल तितकी पेटवली. एका कावळ्याने उत्तर दिलं, तेही उडून जाता जाता.

शेवटी तो टोपी हातात घेऊन पास्टरांच्या दारात उभा राहिला. ऑगलट्री अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते.

"पास्टर, एक विनंती आहे. जरा विचित्र आहे."

"बोला ना, डीकन गॅडिस."

"माझ्यासोबत रानात येऊन प्रवचन कराल? गाऊन?"

पास्टरांच्या हातातली सुतळी सुटली. "डीकन, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. चर्चमध्ये हसलात तेवढं पुरे नव्हतं का?"

"मी? हसलो?"

"सगळेच हसलात. माझा सूर फाटला, मला कळलं होतं. मी काही गाणारा माणूस नाही. गाऊ नये माणसाने उगाच. पण तुम्ही तर उभे राहून बोट दाखवलंत!"

होसिया पायरीवर मटकन बसला. ऑर्गन पास्टरांच्या कानाशी होता आणि स्पीकर डोक्यावर. बिशपचं उत्तर त्यांना ऐकूच गेलं नव्हतं, आणि सारं गाव धरून चाललं होतं की ज्याला उत्तर मिळालं त्याला ते ऐकू आलंच असणार. महिनाभर हा भला पोरगा ते ओझं घेऊन फिरत होता.

"पास्टर," तो हळूच म्हणाला, "तुमचा सूर फाटला नव्हता. तुम्ही कोंबडा म्हणालात, आणि कबरस्तानामागून टर्कीने आमेन म्हटलं."

"काय?"

"मी बोट दाखवलं ते त्याला. देवाशपथ. आमचे म्हातारे पास्टर तीस वर्षं गायले, त्यांना गावातल्या कुत्र्यानेही कधी साद दिली नाही."

ऑगलट्री पायरीपाशी आले. मग म्हणाले, "इतकी वर्षं शिकलो, आणि माझ्या गाण्याला पहिली मनापासून दाद दिली ती टर्कीने?"

"दुसरी. पहिली माझी होती. मी पहिल्या ओळीपासून होय म्हणत होतो."

पास्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "आणि आता देवाचं नाव गाऊन त्या बिचाऱ्याला फसवायचं? हे मला पटत नाही, डीकन."

होसियाने याचाही विचार करून ठेवला होता. "प्रेषितांच्या कथेतही पेत्रच आहे, पास्टर. आकाशातून चादर उतरते, तिच्यात सगळे पशू आणि पाखरं, आणि वाणी होते, 'पेत्रा, ऊठ, मारून खा.' मी फसवायला सांगत नाही. तुम्ही खरं प्रवचन करा, सबंध, रविवारी कराल तसं. तो आला तर त्याची मर्जी. नाही आला तर मी वेदीसमोर उभा राहून सांगेन की माझा शब्द गेला."

पास्टरांनी सुतळी पुन्हा उचलली. बराच वेळ गाठ मारली. "गुरुवारी चालेल?" ते म्हणाले.

* * *

गुरुवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत दोघं आडोशात बसले. पास्टरांना डोक्यापासून पायापर्यंत हिरवे कपडे घातले होते आणि तोंडावर जाळी.

"एकच गोष्ट," होसिया कुजबुजला. "हात हलवायचे नाहीत."

"हातांशिवाय प्रवचन कसं करायचं?"

"हातांवर बसा."

पास्टर हातांवर बसले. सुरुवात अगदी खालच्या आवाजात झाली, जणू शेजारी झोपलेल्याला उठवू नये. रात्र गार होती. शेकोटी पेटली होती. सायकमोरच्या फांद्यांवर काही हललं नाही. पण हळूहळू हेल आला, हेलामागून सूर आला, आणि मोकळ्या रानात छताची आडकाठी नसलेला तो सूर ओढ्यावरून पलीकडे गेला. "पेत्र म्हणाला, मी नाही त्याचा! हं!"

"गलगलगलगल!"

पास्टरांचे डोळे जाळीमागे एवढाले झाले. होसियाने नुसती भुवई उडवली. बघा.

मग जे प्रवचन झालं त्याला तोड नव्हती. पास्टरांनी एक ओळ टाकावी आणि बिशपने झाडावरून ती झेलावी. पंखांचा फडफडाट झाला, तो खाली उतरला. पुढचं उत्तर जवळून आलं, त्याच्या पुढचं आणखी जवळून. मग झुडपातून तो स्वतः आला. शेपटीचा पंखा उभारलेला, डोकं निळं-पांढरं-लाल, पंखांची टोकं पाचोळ्यात घासत. रबराच्या मादीकडे त्याने बघितलंही नाही. तो प्रवचनाला आला होता.

बिशपने सावकाश गिरकी घेतली. पंख्याची पाठ इकडे झाली आणि त्याचे ते डोळे पंख्याआड गेले. होसियाने दोरी ओढली. दोरी गालाशी आली, बाणाचं पातं स्थिरावलं. आता नुसतं बोट सोडायचं.

आणि नेमके त्याच क्षणी पास्टर त्या जागी पोहोचले जिथे ते चर्चमध्ये कधी पोहोचलेच नव्हते.

"कोंबडा आरवला, हं!
आणि प्रभूने वळून, हं!
प्रभूने वळून पेत्राकडे बघितलं, हं!
रागाने नाही बघितलं, हं!
मायेने बघितलं, हं!"

"होय! होय, देवा! सांगा, पास्टर, सांगा!"

ओरडणारा होसिया होता. पन्नास वर्षांची सवय धनुष्याला काय ऐकते! बाण सुटून पाचोळ्यात घुसला, बिशप भर्रकन उडाला, आणि रबराची मादी वाऱ्याने आडवी झाली.

होसिया धनुष्य मांडीवर घेऊन बसला होता. त्याचे डोळे ओले होते, आणि ते टर्कीसाठी नव्हते.

"डीकन," पास्टर हळूच म्हणाले, "आता हातांवरून उठू का? मुंग्या आल्यात."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण कबरस्तानापर्यंत ऐकू जाईल इतके हसले दोघं. मग पास्टर म्हणाले, "तो आता परत यायचा नाही."

"येईल," होसिया नाक पुसत म्हणाला. "तो प्रवचनाला भ्यायला नाही. माझ्या आमेनला भ्यायला. शनिवारी पुन्हा येऊ. शेवटचा दिवस आहे."

* * *

अर्लीनला हकीकत कळली तेव्हा ती चुलीपाशीच खुर्ची ओढून बसली आणि पदार्थ करपेपर्यंत हसली. शनिवारी पहाटे निघताना तिने नवऱ्याच्या हातात मक्याच्या ब्रेडचा मोठा तुकडा ठेवला.

"वाटेत खायला?"

"खायचा नाही, मिस्टर गॅडिस. पाखरू खाली उतरलं की तोंडात कोंबायचा. गिळलात तर माझ्याशी गाठ आहे."

त्या दिवशी धुकं होतं. पास्टर हातांवर बसले आणि गायला लागले. पहिल्या ओळींना उत्तर नाही. दासी आली, पेत्राने एकदा नाकारलं, तरी उत्तर नाही. होसियाच्या डोळ्यांसमोर बॉयकिनचा फ्रीझर उभा राहिला, त्यातली ती बर्फाळ टर्की उभी राहिली, आणि छातीभर पाण्यातून चालत येणारे वडील. तो टोपी काढून बसला आणि मनात म्हणाला, देवा, तोंडाने बोललो मी, टोमण्याने बोललो, पण तुझ्या समोर बोललो.

"गलगलगल!"

ओढ्याच्या पलीकडून. होसियाने ब्रेड तोंडात कोंबला.

या खेपेला बिशपला घाई नव्हती. तो ओळीओळीने आला, दर दोन ओळींना थांबून, मान वर करून ऐकत. धुक्यातून त्याचा पंखा आधी दिसला, मग तो. पास्टर कोंबड्यापाशी आले. बिशपने गिरकी घेतली. होसियाने दोरी ओढली.

"प्रभूने वळून बघितलं, हं!"

होसियाच्या छातीत ते "होय" उसळलं, घशापर्यंत आलं आणि ब्रेडला धडकलं. गालांवरून पाणी ओघळायला लागलं. त्याने दात रोवले, श्वास धरला आणि बोट सोडलं.

बिशप जागच्या जागी बसला. पंखा एकदा उघडला, आणि सावकाश मिटला. तेवढंच.

पास्टर थांबले. होसियाने धनुष्य खाली ठेवलं, ब्रेडचा घास बाहेर काढला, आणि मग इतका वेळ अडवलेलं ते आमेन आलं. लांब, खालून वर जाणारं, ओढ्यापलीकडे पोहोचणारं. ते संपल्यावर तो पाखराजवळ गेला, गुडघे टेकले आणि त्या काळ्या-तांबूस पिसांवर हात ठेवला. उन्हाची पहिली तिरीप पडली तशी ती पिसं तांब्यासारखी चमकली.

"थँक यू, ब्रदर," तो म्हणाला. "चांगला ऐकणारा होतास."

पास्टर त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी छोटीशी प्रार्थना केली. या खेपेला हात जोडून.

* * *

रविवारी जेवणाच्या टेबलावर मधोमध बिशप होता. अर्लीनने रात्रभर मसाल्यात भिजवून, लोणी चोपडून, जे करता येईल ते सगळं केलं होतं. तरी बिशप बिशपच. जन्मभर ताठ मानेने चाललेला पक्षी ताटातही वाकायला तयार नव्हता. पास्टरांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चघळला. बॉयकिनने आपली दुकानातली टर्की बाजूला मांडली होती. ती लोण्यासारखी होती आणि सगळ्यांनी तीच संपवली.

"बघ गड्या," तो होसियाला म्हणाला, "शब्द तुझा राहिला, पोट माझ्या टर्कीने भरलं."

"तुझी टर्की मजेत होती म्हणालास. माझी प्रवचन ऐकून आली होती."

पण ते नंतरचं. त्याआधी सकाळी प्रवचन झालं होतं. पास्टरांच्या हातात कागद नव्हता. खिडक्या उघड्या होत्या. पेत्र शेकोटीजवळ उभा राहिला, दासीने विचारलं, त्याने नाकारलं. सूर चढत गेला, ऑर्गन चढत गेला, आणि पास्टरांनी कोंबड्याचा "हं!" छताला लावला.

आणि सगळ्या चर्चची मान खिडकीकडे वळली.

बाहेर काहीच नव्हतं. कबरस्तानावर वारा, ओढ्याचं पाणी. मग एकेक करून सगळ्या माना होसियाकडे वळल्या. त्या क्षणी त्याला पहिल्यांदाच उमगलं, की ज्याने या चर्चला महिनाभर हसवलं तो आता स्वयंपाकघरात भांड्यात झाकून ठेवलाय, आणि त्याला तिथवर आणणारे आपणच आहोत. बॉयकिन कानाशी पुटपुटला, "आमेन म्हणणाऱ्याला तूच भाजलंस लेका. आता म्हण त्याच्या वाटचं."

होसिया उभा राहिला. "होय, देवा!" त्याने होता नव्हता तेवढा आवाज दिला. एकदा स्वतःचा, आणि मग थांबून दुसरा, बिशपच्या वाटचा. बायकांचे पंखे पुन्हा हलायला लागले. पास्टरांनी मान डोलवली आणि सूर पुन्हा उचलला.

"प्रभूने वळून बघितलं, हं!"

"गल... गलक्... गल!"

ओढ्याच्या पार पलीकडून, अर्धवट, फुटक्या आवाजात. मिसरूड फुटलेल्या पोराने भर मंडळीत पहिल्यांदाच गायला उभं राहावं तसं. कोवळा नर असावा. इतके दिवस बिशपच्या धाकाने गप्प राहिलेला.

या वेळी पास्टरांनी ते ऐकलं. सिस्टर मोझेलने ऑर्गनवरून हात उचललाच होता. पास्टर थांबले, खिडकीकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या आधी तेच हसले. पोट धरून. मग हात पुढे करून, सुरातच म्हणाले,

"आत या, ब्रदर! बाहेर का उभे? हं!"

हसण्याच्या त्या कल्लोळात बॉयकिनचा आवाज सगळ्यांच्या वर निघाला, "आधी कुणीतरी होसियाचं धनुष्य लपवा!"

आणि पहिल्या बाकावरून, कुणाच्याही आधी, होसिया गॅडिस म्हणाला, "आमेन!"